स्लॅबवर स्कायलाइट: शीट, काच, नळी की उंच केबिन?

साधा आरसीसी स्लॅबचा बंगला, मधली खोली अंधारी, भर दुपारी पण ट्यूब लावून बसायचं, आणि मग कोणीतरी सुचवतं की वरून भोक पाडा नि काच टाका, झालं. झालं काही नसतं, तिथून सुरू होतं. मी हे साताऱ्याच्या घरी दोनदा केलंय, एकदा चुकीचं आणि एकदा बरं, आणि तिसरं चिपळूणला ताईच्या घरी होताना जवळून बघितलंय, म्हणून ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी आजोळचं सांगतो. माळवदाचं घर होतं, स्वयंपाकघराच्या वर साणं, म्हणजे छतात उजेडासाठी ठेवलेलं भोक, त्यातून कवडसा बरोबर चुलीपाशी पडायचा. पाऊस आला की मामा वर पळायचा आणि साण्यावर जुनी परात उपडी घालून वर दगड ठेवायचा. साण्याभोवती मातीचा वीतभर उंच कठडा होता, त्यामुळे माळवदावरून वाहणारं पाणी कठड्याला वळसा घालून पुढे जायचं, आत नाही. लोक मला विचारतात काच कुठली घेऊ, शीट किती एमएमची घेऊ, आणि मी विचारतो कठडा किती उंच करताय, तर समोरचा गप्प. गळतं ते काचेतून नाहीच हो, गळतं ते स्लॅब आणि फ्रेमच्या सांध्यातून.

पहिल्या वेळी आमच्या फॅब्रिकेटरने लोखंडी अँगलची फ्रेम सरळ कोब्यावर ठेवली आणि खाली बोल्ट मारले. कोबा म्हणजे गच्चीच्या स्लॅबवरचा वॉटरप्रूफिंगचा जाड थर, वर गुळगुळीत, पण आत विटांचे तुकडे आणि पोकळ्या, एकदा बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतल्या आत फिरतं आणि स्लॅबला जिथे बारीक चीर असेल तिथे उतरतं. आमचं पाणी स्कायलाइटपाशी टिपकलंच नाही, सहा फूट लांब फॅनच्या कपातून टिपकलं. दोन पावसाळे आम्ही इलेक्ट्रिशियनला आणि वरच्या टाकीला दोष देत होतो.

म्हणून काहीही निवडा, भोकाभोवती आरसीसीचा कट्टा, म्हणजे आजोळच्या कठड्यासारखाच, हवाच, आणि तो तयार कोब्याच्या वर किमान सहा इंच. कोबाच चार-पाच इंच असतो, म्हणजे स्लॅबपासून धरलं तर दहा-अकरा इंच होतात, हे गवंड्याला बोट ठेवून दाखवा नाहीतर तो स्लॅबपासून सहा इंच मोजतो आणि कोबा झाल्यावर वर उरतो एक इंच. कट्ट्याच्या बुडाला चारी बाजूंनी गोल वाटा काढायचा, म्हणजे कोपरा सिमेंटने गोलसर भरायचा, वॉटरप्रूफिंगचा कोट गच्चीच्या जमिनीवरून कट्ट्यावर चढवून माथ्यापर्यंत न्यायचा, आणि वरची फ्रेम पेढ्याच्या बॉक्सच्या झाकणासारखी कट्ट्याच्या बाहेरून खाली उतरली पाहिजे. स्क्रू बाजूने, वरून एकही नाही.

आता पर्याय.

पॉलिकार्बोनेट शीट. स्वस्त, हलकी, गारपिटीत फुटत नाही, एका दिवसात काम होतं. चार बाय चार फुटाला मल्टिवॉल (आतून पोकळ नळ्यांच्या) शीटचं वजन दोन-अडीच किलो, तेवढीच बारा एमएम काच पंचेचाळीस किलो, यावरून फ्रेमच्या खर्चातला फरक कळेल. पण शीटला तिचे नखरे आहेत. ऊन्हात ती काचेच्या सात-आठपट जास्त पसरते, आठ फुटाची शीट हिवाळ्याच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत सहज सहा एमएम हलते, म्हणून स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडून खाली ईपीडीएम रबराचा वॉशर घालावा लागतो. घट्ट आवळली की शीट भोकापाशी तडकते किंवा रात्री थंड होताना कट्कट् आवाज करते, पाहुणे घाबरतात. दुसरं, उन्हातल्या यूव्ही किरणांपासून वाचवणारा थर साधारण एकाच बाजूला असतो आणि ती बाजू वर पाहिजे, फिल्मवर तसं छापलेलं असतं. आमच्या माणसाने आधी दोन्हीकडच्या फिल्म सोलल्या आणि मग विचार करत बसला वर कुठली होती. तीन वर्षांत शीट चहाच्या गाळणीसारखी पिवळी, नखाने दाबली तर तुकडा पडायचा. मल्टिवॉल घेतली तर तिच्या नळ्या उताराच्या दिशेनेच हव्यात आणि टोकं टेपने बंद हवीत, नाहीतर आत शेवाळ धरतं आणि ते काढायला काही मार्ग नाही. आणि पावसाचा आवाज, पत्र्याखाली राहिलेल्यांना सांगायला नको. माझं मत, शीट जिन्यावर, धुण्याच्या जागेवर, डक्टवर. हॉलवर नाही.

लॅमिनेटेड काच. आत्ता आमच्याकडे आहे ती हीच, सहा अधिक सहा एमएमच्या दोन काचा, मध्ये पीव्हीबी या प्लॅस्टिकचा चिकट थर. लोक नुसती टफन्ड (तापवून कडक केलेली) टाकतात, ते मला पटत नाही. टफन्ड काच कधीकधी काही न लागताही फुटते आणि फुटली की बारीक दाण्यांचा पाऊस खाली जेवणाच्या ताटात. लॅमिनेटेड फुटली तरी थराला चिकटून वरच राहते, डोक्यावर काच घालायची तर हीच घाला. हिचा उजेड शीटच्या उजेडापेक्षा खूप स्वच्छ, ढग जाताना दिसतात, पावसाचा आवाज जवळजवळ नाही. पण सपाट ठेवायची नाही, फुटाला एक इंच उतार द्यायचाच, नाहीतर धूळ आणि कबुतरांची घाण साचून कडेला चिखलाची महिरप होते. खर्च आमच्याकडे शीटच्या तिप्पट आला, त्यात काच उचलायला चार माणसं वेगळी.

काचेचा खरा प्रश्न गळण्याचा नाही, उन्हाचा आहे, आणि हे दुकानदार सांगत नाही. आपल्याकडे पुणे-साताऱ्याला मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यावेळी चौरस मीटरला साधारण हजार वॅट ऊन पडतं, चार बाय चारच्या भोकावर दीड हजार वॅट, आणि साधी काच त्यातलं निम्म्याहून बरंच जास्त आत सोडते. म्हणजे छताला हीटर टांगल्यासारखं. विदर्भात तर मी कोणाला उघडी काच सुचवणारच नाही. आम्ही वर फेब्रुवारी ते मे हिरवी शेडनेट बांधतो, बायको म्हणते मग काच कशाला केली, आणि तिचं बरोबर आहे. भोक लहान ठेवलं असतं तर हा खटाटोप नव्हता, अडीच बाय अडीच पण दहा बाय बाराच्या खोलीला भरपूर होतं.

लाइट पाइप, म्हणजे वर छोटा घुमट, खाली आतून आरशासारखी चकचकीत नळी, आणि छताला गोल दिव्यासारखं झाकण. संडास-बाथरूम, बोळ, देवघर यासाठी मला हा सगळ्यात आवडतो. कारण भोक फक्त दहा-बारा इंचाचं, कोअर कटिंगच्या मशीनने गोल पडतं, हातोड्याने स्लॅब हादरवायचा नाही, सळ्या दोन-तीनच कापल्या जातात. ऊन पण मर्यादित. तोटा असा की आकाश दिसत नाही, हवा येत नाही, आणि छोट्या गावात मिळत नाही, शहरातून मागवावा लागतो. कट्टा यालाही लागतोच, गोल भोकाला चौकोनी कट्टा केला तर वाटा नीट निघतो.

उंच केबिन. चिपळूणला ताईने हे केलं आणि मला आधी वाटलं फार झालं. भोकाच्या चारी बाजूंनी अडीच फूट भिंती, वर आरसीसीचंच झाकण, झाकणाला फूटभर छज्जा, आणि उजेड वरून नाही तर बाजूच्या खिडक्यांतून. खिडक्या फक्त उत्तरेला आणि पूर्वेला, कारण पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. पुण्यात वर्षाला 700-750 मिमी पाऊस, तिकडे 3000 च्या वर, तिथे आडव्या काचेचा सांधा किती वर्षं टिकेल? उभ्या खिडकीवर पाणी थांबतच नाही. शिवाय वर लूव्हर्स (तिरक्या पट्ट्यांची जाळी) ठेवले की गरम हवा निघून जाते, माकडांनी उड्या मारल्या, शेजारच्या माडाचा नारळ पडला, काही होत नाही. जूनमध्ये सूर्य दुपारी थोडा उत्तरेला सरकतो पण तो छज्जा अडवतो. उजेड काचेच्या निम्मा असेल, पण दिवसभर सारखा आणि थंड. वजन जास्त, म्हणून आरसीसी कन्सल्टंटला दाखवल्याशिवाय नाही. कोकण, गोवा, महाबळेश्वर पट्ट्यात राहणाऱ्यांनी माझ्या मते दुसरा विचारच करू नये.

काचेच्या विटा स्लॅबमध्ये ओतायची पण पद्धत आहे, प्रत्येक वीट म्हणजे चार सांधे, मी नको म्हणेन. ॲक्रिलिकचे घुमट दिसतात छान, ओरखडे पटकन पडतात.

जुना स्लॅब कापणार असाल तर बीमला हात लावायचा नाही आणि मुख्य सळ्या कुठल्या दिशेने आहेत ते आधी बघायचं, कापलेल्या कडेला आधार काय देणार हे इंजिनिअरकडून कागदावर घ्या. फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्ची सोसायटीची, विषय तिथेच संपतो. आणि भोकात काचेच्या खाली लोखंडी जाळी आधी बसवा, चोर वरून येतो.

सिलिकॉनबद्दल एकच, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिमेंटला आणि पॉलिकार्बोनेटला लावू नका, न्यूट्रल मागा. जुन्या सिलिकॉनवर नवं थापू नका, खरवडून काढा. आणि डिसेंबरच्या सकाळी शीटखाली थेंब दिसले तर लगेच फॅब्रिकेटरला शिव्या देऊ नका, ती स्वयंपाकाची वाफ असते, आतून पुसून बघा, दुपारी जाते.

काम फेब्रुवारीपर्यंत संपवा. टेरेसचे पाइप बंद करून कट्ट्याभोवती दोन दिवस पाणी कोंडा, गळतंय का बघा, काच नंतर. तसंच काचेचं माप कट्टा प्लॅस्टर होऊन वाळल्यावरच द्यायचं, टफन्ड असेल तर नंतर एक एमएम पण कापता येत नाही. आम्ही घाईत ड्रॉइंगवरून माप दिलं, काच आठ एमएम मोठी आली. ती आता गच्चीवर दोन ड्रमवर ठेवलेली आहे, उन्हाळ्यात आई तिच्यावर कुरडया घालते.