चीनची अफूबंदी, सदाशिव पेठेत: व्याख्यान फर्मास, सोय यथातथा

मी एक्साइजमधून रिटायर झालेला माणूस, म्हणून पाचशे रुपये भरून गेलो. वसूल झाले.

१८३९ मध्ये लिन झेशू या चिनी बादशाही अधिकाऱ्याने कँटनजवळच्या हूमेनला वीस हजारांवर पेट्या अफू मीठ-चुना घालून नष्ट केली, हे वक्त्यांनी दोन मिनिटांत उरकलं. बरं केलं. खरा मसाला १९०६ च्या बादशाही फर्मानात होता: दहा वर्षांत लागवड आणि सेवन बंद. अंमलबजावणी प्रांतांच्या सुभेदारांकडे, आणि अफूच्या करावर तिजोरी भरायची तीही त्यांचीच! महसूल बुडवून दारूबंदी राबवायला सांगितलं की वरच्या साहेबांचे चेहरे कसे होतात, ते मी पाहिलंय. तरी सेच्वान या सर्वांत मोठ्या उत्पादक प्रांतात सुभेदार झाओ अरशुनने खसखशीची शेतं जवळजवळ साफ करून दाखवली. शान्सी प्रांतात १९१० मध्ये मात्र विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. इथे हॉल चिडीचूप.

१९११ च्या ब्रिटन-चीन करारातली अट तर फारच चलाख: जो प्रांत स्वतःची लागवड संपवेल, त्याच्यापुरती हिंदुस्थानी अफूची आयात बंद.

मग माळव्याची अफू मुंबईहून चीनला जायची, त्यावर अवाक्षर नाही? पुण्यात बसून हे गाळणं मला पटलं नाही. प्रश्नोत्तरांना जेमतेम दहा मिनिटं, तीही एका काकांनी स्वतःच भाषण ठोकून खाल्ली. स्लाइडवरचे नकाशे तिसऱ्या रांगेतूनही दिसेनात. चहा पाणचट.

पाचपैकी चार. गाडी नेऊ नका, पार्किंग नाही.