पोर्टेबल हार्ड डिस्क मध्येच गायब व्हायला लागली: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दोन टीबीची ही अडीच इंची डिस्क मी बरेच महिने फोटो-व्हिडिओंच्या बॅकअपसाठी वापरतोय. मोठ्या फाइली झपाट्याने जातात, हजारो बारीक फाइली टाकल्या की रांगायला लागते. मिनिटाला 5400 फेरे मारणाऱ्या डिस्ककडून यापेक्षा जास्त अपेक्षा नव्हती. आवाज जवळजवळ नाही, गरमही बेताचीच होते.

मग एकदा कॉपी चालू असतानाच ती गायब झाली. पुन्हा जोडली की दिवा लागायचा, ड्राइव्ह दिसायचा आणि लगेच नाहीसा व्हायचा. असं झालं की डिस्क गेलीच असं वाटतं, पण दोष पुष्कळदा डिस्कच्या बाहेर असतो. म्हणून ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारणारी खिडकी आली तर हो म्हणू नका.

आधी वीज तपासा. सुरू होताना मोटरला सगळ्यात जास्त करंट लागतो, अशा अनेक डिस्कना 1 अँपिअरच्या आसपास. यूएसबी 2.0 च्या पोर्टकडून 500 मिलिअँपिअरची हमी असते, 3.0 कडून 900 ची. म्हणजे हिशोब मुळातच काठावरचा. त्यात अडॅप्टर नसलेला हब किंवा लांब, बारीक केबल आली की व्होल्टेज खाली येतं, मोटर अडखळते आणि डिस्कचा संपर्क तुटतो. डिस्कच्या बाजूचा तो रुंद, चपटा मायक्रो-बी प्लग तर सतत काढघाल करून सैल होतोच. माझ्या डिस्कचा दोष केबलमध्येच निघाला. नवी आखूड केबल लावून थेट लॅपटॉपच्या पोर्टला जोडल्यावर सगळा डेटा जसाच्या तसा मिळाला. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती माहिती पाहिली, तर 05 आणि सी5, म्हणजे बदललेले आणि संशयित सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे), दोन्ही शून्य. हे आकडे वाढत असतील तर मात्र डेटा लगेच दुसरीकडे हलवा.

माझी खरी तक्रार रचनेबद्दल आहे. काही पोर्टेबल डिस्कच्या आत साटा (कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कची नेहमीची जोडणी) डिस्क असते आणि तिला यूएसबीशी जोडणारा छोटा ब्रिज बोर्ड वेगळा असतो. तो जळला तर डिस्क काढून दुसऱ्या केसमध्ये लावता येते. या मॉडेलमध्ये यूएसबीचा पोर्ट डिस्कच्या स्वतःच्या बोर्डावरच सोल्डर केलेला आहे. पोर्ट तुटला की तो मार्ग बंद. त्याच मॉडेलचा बोर्ड आणून लावला तरी सहसा भागत नाही, कारण त्या-त्या डिस्कचं कॅलिब्रेशन, म्हणजे तिच्यापुरती बारीक जुळणी, मूळ बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये असतं. काही कंपन्यांचे बोर्ड तर पासवर्ड ठेवला नसला तरी सगळा डेटा एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात, लिहितात, त्यामुळे डिस्क बाहेर काढून जोडली तर नुसता कचरा दिसतो. खोक्यावर यातलं एक अक्षर नाही, आणि हे मला अजिबात पटत नाही. विकत घेणाऱ्याला हे आधी कळायला हवं.

टक-टक असा ठराविक लयीत आवाज येत असेल तर गोष्ट वेगळी. डेटा वाचणारं-लिहिणारं हेड फिरत्या तबकडीवर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत असतं. चालू डिस्क पडली किंवा तिला धक्का बसला की हेड तबकडीला घासू शकतं. बारीक बीप किंवा घरघर येऊन मोटर फिरतच नसेल, तर हेड तबकडीला चिकटलेलं असू शकतं किंवा मोटर अडकलेली. दोन्ही वेळा ताबडतोब केबल काढा. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची सोय) नको, रिकव्हरी सॉफ्टवेअर नको, पुन्हा पुन्हा जोडून पाहणंही नको, कारण प्रत्येक फेऱ्यात ओरखडा वाढतो. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजूनही फिरतो, पण त्याने आत दव जमतं. डेटा महत्त्वाचा असेल तर डिस्क थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यावी.

केबल बदलल्यापासून डिस्क नीट चालते आहे आणि दुसरी प्रत म्हणून मी ती पुढेही वापरणार. एकमेव प्रत ठेवायला मात्र हे मॉडेल मी कुणाला सुचवणार नाही. त्यासाठी साधी अडीच इंची साटा डिस्क आणि वेगळी केस घ्या. ब्रिज बिघडला तर फक्त केस बदलावी लागेल.