डोंगरातल्या वाटांसाठी यामाहा आरएक्स १०० का १३५? दोन्ही चालवून झाल्यावर

पावसाळा तोंडावर आला की कोणी ना कोणी विचारतंच, डोंगरात फिरवायला जुनी टू-स्ट्रोक बनवायचीय, १०० घेऊ का १३५? माझ्याकडं दोन्ही होत्या, अजून आहेत, आणि दोन्ही मी वेल्ह्याच्या पुढं केळदकडं, भोरच्या आत, मुळशीच्या मागच्या अंगाला पोटभर चालवल्यात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. हॉर्सपॉवरचे आकडे सगळ्यांना पाठ असतात, ते सोडून देऊ.

आधी १०० बद्दल, कारण माझी सुरुवात तिच्यावरच झाली. हलकी, बारीक, कुठल्याही बांधावरून दोन माणसं उचलून पलीकडं ठेवतात. अरुंद पायवाटेवर दोन्ही बाजूंनी कारवी लागत असली तरी गाडी गुडघ्यात धरता येते आणि वळवायला अंगाचा नुसता कल पुरतो. इंजिन ५० बाय ५० मिलिमीटरचं, बोअर (सिलेंडरची रुंदी) आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) सारखाच, फिरायला एकदम मोकळं. सपाटीवरच्या लाल मातीत सेकंड-थर्डला जो आवाज येतो ना, त्यासाठी माणूस जन्मभर ही गाडी सोडत नाही आणि मी पण सोडलेली नाही.

पण मुरमाड चढ लागला की खरं कळतं. खाली सुटे दगड, वर ओला मुरूम, वेग चालण्याच्या थोडा वर, आणि अशा वेळी ९८ सीसीचं इंजिन खालच्या आरपीएमला ओढायला तयार नसतं, रस्त्यासाठीच बनवलेली गाडी आहे ती, तिचा काही दोष नाही. मग काय करायचं, फर्स्टात टाकून क्लच अर्धा दाबून धरायचा आणि रेस करत राहायचं. एक चढ, दोन चढ ठीक. तिसऱ्या चढाला प्लेटा तापून वास यायला लागतो, लिव्हरचा फ्री प्ले (क्लच लागायच्या आधीची ढिलाई) बदलतो, क्लच कुठं सुटतोय तेच कळेनासं होतं, मग थांबा, हँडलवरचा ॲडजस्टर फिरवा, वर सपाटीला गार झाल्यावर परत उलटा फिरवा. दिवसातून सात-आठ वेळा मी हे केलंय आणि संध्याकाळी डाव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. पुढचं स्प्रॉकेट एक दाताने कमी केलं (पुढचा एक म्हणजे मागं साधारण तीन दात वाढवल्यासारखं), फरक पडला, पण मग डांबरी रस्त्यावरून घरी यायला गाडी नुसती ओरडत यायची. मला सगळ्यात जास्त त्रास दिला तो या क्लचने, पॉवर किंवा सस्पेन्शनचं तसं काही वाटलं नाही.

१३५ ला स्ट्रोक तोच ५०, बोअर ५८, म्हणजे १३२ सीसी. कागदावर ३४ सीसीचा फरक, पण त्याच केळदच्या चढाला मी सेकंडात क्लच पूर्ण सोडून चढलो तेव्हा आधी खरंच वाटेना. चाक सुटलं की पायाने थोडा आधार दिला आणि परत ओढायला लागली. माझी पाच गिअरवाली आहे, कारण तेव्हा तीच मिळाली, चार गिअरवाली मी एका मित्राची दोन दिवस चालवलीय आणि ती पण चढाला छान वाटली, त्यामुळं त्यावरून अडून बसू नका. तक्रारच शोधायची तर १३५ थोडी अंगावर येते, १०० सारखी उडत नाही, आणि ज्याला वाट सपाटीची आणि मोकळी मिळते त्याला कदाचित १०० च जास्त आवडेल. आमच्याकडं सपाटी कमी.

आता ट्यूनिंग, कारण बरेच जण चांगली गाडी घेऊन इथंच बिघडवतात. मी पण १०० ला एकदा पोर्टिंग करून घेतलं (सिलेंडरमधली गॅस जाण्या-येण्याची भोकं घासून बदलणं), हाताने बनवलेला एक्स्पान्शन पाइप (फुगीर सायलेन्सर) लावला, आणि गाडी हायवेला पळायला लागली, डोंगरात मात्र चालवण्यासारखी राहिली नाही. एक्झॉस्ट पोर्ट वर उचलला की वरची पॉवर मिळते पण खालची जाते, आणि पाइपमधली परत येणारी लाट एका ठरावीक आरपीएमलाच कामाला येते, त्याच्या खाली गाडी लोड घेते, प्लग काळा ओला होतो आणि चढाच्या मध्यावर तुम्ही पाना घेऊन बसलेले असता. वाटेसाठी पोर्ट आहे तसा ठेवा. पुंगळीतली (सायलेन्सरमधली) जाळी तर काढूच नका, काढल्याने नुसता आवाज वाढतो, खालचा दम जातो, आणि वाडीवस्तीवरची माणसं पुढच्या वेळी वाट दाखवत नाहीत. हेड थोडं घासून कॉम्प्रेशन वाढवणं त्यापेक्षा बरं, पण लेथवाल्याला टू-स्ट्रोकची माहिती असेल तरच. मॅग्नेट (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) टर्निंग करून हलकं करतात ते ड्रॅगवाल्यांचं काम, आपल्याला तर जड मॅग्नेट हवं, त्याच्या वजनामुळंच कमी आरपीएमला इंजिन बंद न पडता फिरत राहतं.

ऑइल पंपाबद्दल माझं मत जरा पक्कं आहे. बरेच मेकॅनिक पंप काढून टाकीत मिक्सिंग करायला सांगतात, लिटरला २५ मिली म्हणजे ४० ला १. सपाटीला चालतं. पण घाट उतरताना थ्रॉटल बंद, गाडी गिअरमध्ये, इंजिन जोरात फिरतंय आणि आत पेट्रोल जेमतेम जातं म्हणजे ऑइल पण जेमतेमच. पंप असला की इंजिन फिरेल तसं थोडं का होईना ऑइल जात राहतं. मिक्सिंगच करणार असाल तर लांब उतारावर मधून मधून क्लच दाबून एक-दोनदा रेस द्या, एवढं लक्षात ठेवा. माझ्या दोन्ही गाड्यांचा पंप जागेवर आहे, त्याची केबल थ्रॉटलबरोबर खुणेला लावलेली आहे का ते मात्र दर सीझनला बघतो.

जेटिंग, म्हणजे कार्ब्युरेटरमधून किती पेट्रोल जायचं ते बसवणं, जिथं जास्त फिरता तिथं करा. खाली महाडला बरोबर बसलेलं जेट वर महाबळेश्वरला, १३७० मीटरच्या आसपास, जड पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, हवा विरळ म्हणून. एका दिवसासाठी जेट बदलायची गरज नाही, कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिप एक खाच वर घेतली की भागतं, पण खाली उतरायच्या आधी परत जागेवर, कारण जड गाडी नुसता धूर करते, हलकी (पेट्रोल कमी पडलेली) झालेली सीझ होते, म्हणजे पिस्टन आत अडकतो. प्लग बिस्किटाच्या रंगाचा दिसला की मी हात लावत नाही.

टायर बटणवाला मागं तरी लागतोच, आणि पुढचा मडगार्ड वर उचला, नाहीतर चिकट मातीने तासाभरात चाक जाम होतं. कासच्या पठारावर किंवा अभयारण्यात चाक घालू नका, वाटा भरपूर आहेत.

टीव्हीएस सुझुकीच्या शोगनचं पण विचारतात. इंजिन तिखट आहे, पण तिचा जीव वरच्या आरपीएमला, आणि स्पेअरसाठी बरीच फिराफिर करावी लागते, त्यामुळं पहिली गाडी म्हणून मी तरी नाही सुचवणार.

राहिलं कागदांचं. १०० बंद झाली १९९६ ला, आता चांगली, मूळ नंबरांची सापडली तर लोक लाखाच्या वर सांगतात, आणि अशी गाडी कापून तिचं हँडल, मडगार्ड, फूटरेस्ट बदलताना हात थरथरतो, निदान माझा तरी. १३५ ला तेवढं वाईट वाटत नाही. कुठलीही घ्या, चासी आणि इंजिन नंबर स्वतः वाचा, १५ वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन आणि पर्यावरण कर भरलाय का ते बघा, मगच पैसे द्या.

माझी १०० आता मूळ सिलेंडर, मूळ सायलेन्सरवर परत आणलीय, रविवारी बाजाराला जाते. डोंगरात १३५ जाते, आणि तिच्या क्लचचा ॲडजस्टर मी गेल्या दोन पावसाळ्यांत वाटेवर एकदाही फिरवलेला नाही.