सेफ्टी बोर्ड: पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं प्रेस शॉप आहे. पुढच्या शेडमध्ये शीट मेटलचं काम, बाजूला पिकलिंग (ॲसिडमध्ये बुडवून पत्र्यावरचा गंज काढणं) आणि झिंक प्लेटिंग, मागे पावडर कोटिंगचं ओव्हन. मेंटेनन्स आणि सेफ्टी दोन्ही माझ्याकडे. गेल्या मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, कारखान्यातले सगळे सेफ्टी बोर्ड बदलले आणि ते मुद्दाम वेगवेगळ्या मटेरियलमध्ये करून घेतले. आता त्यांनी तिन्ही ऋतू काढलेत, त्यामुळे कुठलं मटेरियल कुठे तगलं हे खात्रीने सांगता येतं. छोट्या कारखान्यात हे बोर्ड साधारणपणे ऑडिटच्या आदल्या आठवड्यात, नाहीतर ४ मार्चच्या सुरक्षा दिनाच्या गडबडीत, मिळेल त्या फ्लेक्सवाल्याकडून आणले जातात. त्यांच्याकडे याहून जास्त लक्ष द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

जुने बोर्ड बदलायला कारण घडलं ते एलपीजी बँकेपाशी, म्हणजे गॅसचे सिलिंडर एकत्र जोडून ठेवलेत त्या जागी. तिथली भिंत पश्चिमेला तोंड करून आहे, दुपारनंतरचं सगळं ऊन थेट तिच्यावर. धूम्रपान निषेधाचा बोर्ड तिथे दोन-तीन वर्षं होता. पत्रा शाबूत, स्क्रू शाबूत, बोर्ड जागच्या जागी. फक्त लाल वर्तुळ आणि तिरकी रेघ उडून फिकट गुलाबी झाली होती, लांबून तर दिसतच नव्हती. मधली काळी सिगारेट मात्र पहिल्या दिवसाइतकी ठळक. सिन्नरहून माल घेऊन आलेल्या टेम्पोचा ड्रायव्हर नेमका त्याच बोर्डाखाली उभा राहिला आणि त्याने खिशातून काडीपेटी काढली. वॉचमन काका ओरडत धावले, तर तो म्हणाला, "काका, पाटीवर सिगारेटचं चित्र आहे, मला वाटलं ओढायची जागा इथेच आहे." त्याला दोष देता येत नाही. पाटी तेच सांगत होती.

हे सगळीकडे होतं आणि त्याचं कारण छपाईत आहे. डिजिटल प्रिंटमध्ये लाल ही वेगळी शाई नसते, मॅजेंटा आणि पिवळा एकावर एक छापून लाल तयार होतो. उन्हात सगळ्यात आधी हेच दोन रंग उडतात. काळ्यात कार्बन असतो, तो टिकतो. निळाही बऱ्यापैकी टिकतो. म्हणजे "हेल्मेट घाला", "गॉगल घाला" हे निळे बोर्ड उन्हात उभे राहतात, आणि जिथे माणूस थांबायलाच हवा ते मनाईचे आणि आग विझवायच्या साधनांचे लाल बोर्ड आधी मरतात. त्यांच्या पाठोपाठ धोक्याचे पिवळे त्रिकोण पांढरे पडतात. सेफ्टी बोर्ड किती टिकाऊ आहे हे पत्र्याच्या जाडीवरून ठरवू नका, लाल रंग किती दिवस लाल राहतो त्यावरून ठरवा. बाकी सगळ्या गोष्टी मी याच मापाने तपासल्या.

तपासायची पद्धत साधी ठेवली. प्रत्येक प्रकारचा एक बोर्ड जादा करून घेतला आणि मधून कापला. अर्धा ऑफिसच्या कपाटात, अर्धा दक्षिणेकडच्या कंपाउंडवर. महिन्या-दोन महिन्यांनी दोन्ही तुकडे शेजारी धरले की शंका उरत नाही. नुसत्या नजरेवर विसंबलं तर फिकेपणा कळत नाही, कारण रोज बघणाऱ्याच्या डोळ्याला त्याची सवय होत जाते.

सगळ्यात आधी गेला तो सनबोर्डवरचा, म्हणजे हलक्या फोम शीटवरचा, स्वस्त स्टिकर. साधं मोनोमेरिक विनाइल (स्टिकरची स्वस्तातली प्लास्टिक फिल्म), वर लॅमिनेशन नाही. दिवाळीपर्यंत लाल रंग विटकरी झाला, कडा आक्रसून आत सरकल्या आणि चारही बाजूंना चिकटपणाची काळी रेघ उमटली. धूळ तिथेच बसते. हे विनाइल बनवताना ताणलं जातं आणि ऊन लागलं की मूळ मापाकडे परत जायला बघतं, त्यामुळे हे होणारच. सनबोर्डही पावसानंतर वाकला. तात्पुरत्या कामाला, म्हणजे पंधरा दिवस खड्डा खणलाय अशा ठिकाणी, हा प्रकार चालेल. बाहेर कायमचा लावू नये.

पॉलिमेरिक विनाइल (कमी आक्रसणारी, जास्त टिकणारी फिल्म), त्यावर यूव्ही लॅमिनेशन आणि खाली ३ मिलिमीटरची एसीपी शीट (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक), हा प्रकार शेडच्या आत आणि सावलीतल्या भिंतींवर उत्तम राहिला. दक्षिणेच्या तुकड्यात थोडा फरक दिसतो, पण कपाटातला तुकडा शेजारी धरल्यावरच. विनाइलच्या कंपन्या जी वर्षं सांगतात ती उभ्या लावलेल्या फिल्मसाठी असतात हे ध्यानात ठेवा; तिरक्या किंवा आडव्या पृष्ठभागावर आयुष्य बरंच घटतं. एसीपीच्या आत पॉलिथिन असतं, म्हणून ओव्हनच्या दारावर किंवा गरम पाइपाजवळ ती लावली नाही. तिथे ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या छापील प्लेट लावल्या. त्यांत रंग वरच्या थराच्या आत मुरलेला असतो, त्यामुळे उष्णतेने पापुद्रा सुटण्याचा प्रश्न येत नाही.

बाहेरच्या लाल बोर्डांसाठी मात्र मी डिजिटल प्रिंट पूर्ण बंद केलं. लाल रंगाचंच चांगल्या प्रतीचं विनाइल घेऊन वर्तुळ आणि रेघ कापून चिकटवली. इथे रंग शाईचा पातळ थर नसून फिल्मच्या आरपार असतो. एलपीजी बँकेवर आता असा बोर्ड आहे आणि कापलेल्या दोन तुकड्यांत अजून मला फरक काढता येत नाही. मेहनत जास्त आहे, दुकानदार कुरकुरतो, "साहेब, प्रिंट मारून देतो ना, सेमच दिसेल" असं म्हणतो. पहिल्या दिवशी सेम दिसतंही. स्क्रीन प्रिंटिंगचे बोर्डही चांगले, अट एवढीच की बाहेर वापरायची शाई हवी आणि लाल हा स्वतंत्र रंग म्हणून छापलेला हवा. आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर इनॅमलची एक जुनी धोक्याची पाटी आहे. कोपऱ्यावर टवका उडून तिथे गंज धरलाय, पण कवटी आणि लाल अक्षरं अजून झळझळीत आहेत. इनॅमल म्हणजे पत्र्यावर भट्टीत वितळवून बसवलेली काचच, तिला ऊन काही करू शकत नाही. आजही कुणी करून देणारा भेटला तर बाहेरच्या विजेच्या पाट्यांसाठी मी तेच घेईन.

प्लेटिंग शॉपचा अनुभव वेगळाच. तिथे ऊन नाही, पण हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ आहे. ॲल्युमिनियम आणि एसीपी तिथे चालत नाही हे आधीपासून माहीत होतं, ॲसिड ॲल्युमिनियम खातं. एका पुरवठादाराने स्टेनलेस स्टीलचा आग्रह धरला आणि ३०४ ग्रेडची प्लेट नमुना म्हणून दिली. पावसाळ्याच्या दमट हवेत तिच्यावर तपकिरी ठिपके आले, बोटाने खरवडलं तर खाली बारीक खड्डे. ॲसिडच्या वाफेतल्या क्लोराइडपुढे ३०४ असंच करतं. त्या शॉपमध्ये खरा टिकला तो पॉलिप्रॉपिलिनचा जाड बोर्ड, नायलॉनच्या स्क्रूंवर बसवलेला. हातावर गळणाऱ्या थेंबांचं संक्षारक पदार्थाचं चिन्ह आजही स्वच्छ दिसतं. प्लेटिंगवाल्यांनी बोर्डाइतकाच स्क्रूचा विचार करावा. आमच्याकडे जुना बोर्ड चांगला होता, पण स्क्रू गंजून एक बाजू लोंबत होती.

प्रेसजवळच्या स्टिकरची परीक्षा वर्षातून एकदा जास्त कडक होते, खंडेनवमीला. आदल्या दिवशी सगळी पोरं मशिनी डिझेल नाहीतर थिनरच्या बोळ्याने चकाचक पुसतात, मग हळद-कुंकू आणि झेंडूच्या माळा. दर वर्षी या पुसण्यात प्रेसवरच्या स्टिकरची शाई बोळ्यावर यायची. हात चिरडण्याचा धोका दाखवणारा त्रिकोण, "दोन्ही हात बटणावर", सगळं पुसट. यंदा लॅमिनेशन असलेल्या स्टिकरना थिनरने काहीही झालं नाही, कडेला थोडं पांढरं पडलं तेवढंच. पण लॅमिनेशन कापताना ते छपाईच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर सोडायला सांगा, म्हणजे कडेतून थिनर आत शिरत नाही. आणि चिकटवण्याआधी जागा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून पूर्ण कोरडी करा. प्रेसच्या बॉडीवर तेलाचा न दिसणारा थर कायम असतो, त्यावर महागातलं विनाइलही आठवड्यात उचलतं. माळा बांधायला वेगळे हूक लावून दिले, त्यामुळे बोर्ड झाकलेही जात नाहीत.

अंधारात चमकणाऱ्या बोर्डांबद्दल बाजारात बराच गोंधळ आहे, म्हणून थोडं थांबून लिहितो. रेडियम म्हणून जे सर्रास विकलं जातं ते बहुतेक वेळा रिफ्लेक्टिव्ह शीट असते. ती प्रकाश आला तिकडेच परत फेकते, म्हणजे गाडीच्या हेडलाइटमध्ये ड्रायव्हरला लख्ख दिसते. गेट, फोर्कलिफ्टचा रस्ता, डिस्पॅचचा कोपरा यासाठी ती योग्य, आणि आमच्या गेटवर तिने चांगलं काम केलं. फक्त रस्त्याची धूळ बसली की चमक जाते, ओल्या फडक्याने पुसत राहावी लागते. पण लाइट गेल्यावर जिन्यात धडपडणाऱ्या माणसाकडे हेडलाइट नसतो. त्याला फोटोल्युमिनेसंट बोर्ड लागतो, जो उजेड साठवतो आणि अंधारात स्वतः मंद हिरवा दिसत राहतो. एका दुकानदाराने आम्हाला बाहेर पडायच्या मार्गासाठी हिरवी रिफ्लेक्टिव्ह शीटच पाठवली होती, ती परत केली.

फोटोल्युमिनेसंट घेताना स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा घ्या. झिंक सल्फाइडचा जुना प्रकार थोड्याच वेळात विझतो. घरी बसून करायची चाचणी अशी: ट्यूबखाली नीट चार्ज होऊ द्या, मग खोली पूर्ण काळोखी करून अर्ध्या तासाने वाचता येतो का बघा. आमच्याकडे तिसऱ्या पाळीत लोडशेडिंग झालं तेव्हा मुख्य शेडमधले बोर्ड जनरेटर सुरू होईपर्यंत व्यवस्थित दिसले. मागच्या पॅसेजमधला मात्र फिका पडला, कारण तिथला दिवा एरवी बंदच असतो. साठवायला उजेडच मिळाला नाही तर तो देणार कुठून. आता तो दिवा कायम चालू ठेवतो.

याच मार्गाच्या बोर्डांत आणखी एक गोष्ट तपासा. पळणारा माणूस डावीकडे आणि उजवीकडे अशी दोन वेगळी चिन्हं आयएसओ ७०१० या सुरक्षा चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकात आहेत. आम्हाला सगळे बोर्ड एकाच दिशेचे आले होते; त्यातले निम्मे लावले असते तर माणसं दाराऐवजी कंप्रेसर रूमकडे पळाली असती. शिवाय बोर्ड दाराच्या पल्ल्यावर लावू नका, दार उघडं राहिलं की तो भिंतीकडे तोंड करतो. चौकटीच्या वर लावा.

आकाराबाबत जुन्या आंतरराष्ट्रीय मानकातला एक हिशोब हाताशी ठेवण्यासारखा आहे: जितक्या मीटरवरून बोर्ड दिसायला हवा त्या आकड्याचा वर्ग करा, २००० ने भागा, तेवढे चौरस मीटर क्षेत्रफळ किमान हवं. १० मीटरसाठी साधारण २२ सेंटिमीटरचा चौकोन पुरतो, २० मीटरसाठी ४५ सेंटिमीटरचा लागतो. म्हणजे अंतर दुप्पट झालं की बोर्डाचं क्षेत्रफळ चौपट. फोर्कलिफ्टच्या वळणावर ए-फोर आकाराचा बोर्ड का दिसत नाही याचं उत्तर यातच आहे. आणि दुकानदार मजकूर जास्त भरण्यासाठी लाल वर्तुळ बारीक करतो, ते करू देऊ नका. मनाईच्या चिन्हात लाल भाग किमान ३५ टक्के असायला हवा, पिवळ्या त्रिकोणात पिवळा किमान ५० टक्के. आपल्याकडे रंग आणि चिन्हांसाठी आयएस ९४५७ हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख केला की दुकानदारही जरा सावध होतो.

भाषा मराठी आणि हिंदी ठेवली, मोठ्या चिन्हाखाली दोन छोट्या ओळी. आमच्याकडे निम्मी मुलं उत्तर प्रदेश-बिहारची आहेत, इंग्रजी वाक्यांचा त्यांना काही उपयोग नव्हता.

फरशीवरचे पट्टे आणि स्टिकर या सगळ्यात नापास झाले. फोर्कलिफ्ट जागेवर वळते तिथे टायरने पट्टा गोळा होतो, कुठल्याही किमतीचा. वळणांवर इपॉक्सी पेंटच करा. पायी चालायच्या सरळ वाटेवर टेप ठीक आहे.

खर्च सांगायचा तर कापीव विनाइलचे बाहेरचे बोर्ड साध्या प्रिंटच्या दुपटीहून महाग पडले, फोटोल्युमिनेसंट त्याहून जास्त. पण बाहेर उन्हात असे बोर्ड मोजकेच असतात. सगळीकडे एकच महाग प्रकार लावायची गरज नाही: आत लॅमिनेटेड एसीपी, उन्हात कापीव विनाइल किंवा स्क्रीन प्रिंट, ॲसिडजवळ पॉलिप्रॉपिलिन, गरम जागी ॲनोडाइज्ड प्लेट, सुटकेच्या मार्गावर फोटोल्युमिनेसंट. ऑर्डर देताना "सेफ्टी बोर्ड, नग इतके" एवढंच लिहू नका. विनाइलचा प्रकार, लॅमिनेशन, खालची शीट आणि तिची जाडी, लाल रंग छापील की कापीव, बाणाची दिशा आणि प्रत्येक प्रकारचा एक जादा नग, हे सगळं पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) लिहून द्या. माल आला की लावण्याआधी एक बोर्ड थिनरच्या बोळ्याने घासून बघा. शाई बोळ्यावर आली तर पूर्ण लॉट परत पाठवा.