बजेट टाईट आहे, घर बांधायचंय: लेबर रेट, विथ मटेरियल की पॅकेजवाली कंपनी?

स्वतःचा प्लॉट आहे, एनए (बिगरशेती) झालाय, साठवलेले आणि कर्जाचे मिळून २०-२२ लाख आहेत आणि त्यात ग्राउंड फ्लोअरचं टू बीएचके बसवायचंय, आपल्या सातारा-कराड-सांगली पट्ट्यात अशी माणसं चिक्कार आहेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "फुटाला काय रेट चाललाय?" माझं म्हणणं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा.

पर्याय तसे तीनच. लेबर रेट म्हणजे सिमेंट, सळई, वाळू, विटा सगळं तुम्ही आणायचं, ठेकेदार फक्त माणसं आणि सेंट्रिंगचं (काँक्रीट ओतायच्या साच्याचं) सामान लावणार. विथ मटेरियल म्हणजे गावातलाच कॉन्ट्रॅक्टर माल-मजुरी सगळं बघून हातात चावी देणार. आणि तिसरी ती ॲपवाली कंपनी, बेसिक-स्टँडर्ड-प्रीमियम अशी पॅकेजं, थ्रीडी चित्र, फोनवर साईटचे फोटो.

आधी फूट मोजतात कसं ते बघा, खरा घोळ इथंच आहे. समजा कंपनी म्हणाली २१०० आणि गावातला म्हणाला १९००, आपण साहजिकच १९०० कडं झुकणार. पण कंपनीनं बिल्टअप (भिंतींसकट घराची जागा) १००० फूट धरलंय आणि यानं स्लॅब एरिया धरलाय, म्हणजे पोर्च, जिना, बाल्कनी, खिडक्यांवरचे छज्जे सगळं मिळून १२५०. मग कंपनीचे झाले २१ लाख आणि "स्वस्त" वाल्याचे पावणेचोवीस. उलटही होतं, कंपनी पोर्च वेगळा लावते आणि गावातला त्याच पैशात करून देतो. म्हणून दोघांच्या हातात एकच प्लॅन द्या आणि एकूण आकडा लिहून मागा, फुटाचा रेट नको.

दुसरं म्हणजे पाया. पॅकेजमध्ये पायाची खोली ठरलेली असते, समजा ५ फूट, आणि त्याच्या खाली गेलं की खोदाई, काँक्रीट, सळई सगळं एक्स्ट्रा. नदीकाठच्या काळ्या रानात मुरूम लागेपर्यंत ८-१० फूट जावं लागू शकतं, आणि काळी माती पावसात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पाया टेकवून भागत नाही, त्यामुळं हा खर्च चुकवताच येत नाही. कोटेशन मागायच्या आधीच जेसीबी बोलवून प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे मारून बघा, त्या थोड्याशा भाड्यात पुढचा मोठा वाद वाचतो. गावातल्या कॉन्ट्रॅक्टरला शेजारच्या चार घरांचे पाये किती खोल गेले ते पाठ असतं, इथं तो कंपनीला भारी पडतो. बाकी कंपाउंड, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, बोअर, जोत्यातला भराव, खिडक्यांच्या ग्रिल, मीटर, परवानगीची फी, ह्यातलं काय धरलंय काय नाही ते प्रत्येकाला विचारा. बहुतेक वेळा "नाही" हेच उत्तर येतं, आणि तीन-चार लाख इथंच जातात.

जीएसटीचं कुणी नीट सांगत नाही. एकट्याच्या स्वतंत्र घरासाठी नुसतं लेबरचं काम दिलं तर त्या मजुरीवर जीएसटी नाही. माल-मजुरी एकत्र दिली आणि कॉन्ट्रॅक्टर नोंदणीवाला असेल तर पूर्ण बिलावर १८ टक्के, म्हणजे २० लाखांवर ३ लाख ६० हजार. ऐकून छातीत धस्स होतं खरं, पण सिमेंट-सळईवर १८ टक्के तुम्हीही दुकानात भरणारच असता (सिमेंटवर तर सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ होते) आणि कंपनीला त्याची वजावट मिळते, तेव्हा खरा फरक पडतो तो मजुरी आणि नफ्यावरच्या टॅक्सचा. पॅकेजच्या रेटमध्ये टॅक्स धरलाय का वरून लागणार, हे मात्र पहिल्या फोनलाच विचारायचं.

आता लेबर रेट. कागदावर हाच सगळ्यात स्वस्त आणि माल आपल्या डोळ्यांसमोर येतो, पण साईटवर घरचं माणूस रोज पाहिजे. वाळू-खडी ब्रासमध्ये येते, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, गाडीचा हौदा टेपनं मोजला नाही तर तीन ब्रासचे पैसे देऊन अडीच ब्रास उतरून घ्याल. सळई वजनावर घेता पण लागते लांबीवर, १२ एमएमची १२ मीटरची सळई साधारण १०.६ किलो भरायला पाहिजे, दोन-चार सळया काट्यावर टाकून बघायच्या. विटा उन्हाळ्यातच घेऊन ठेवा, पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात. आणि पाणी मारणं! स्लॅबला पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट वापरलं तर निदान १० दिवस पाणी पाहिजे, ठेकेदाराची माणसं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या साईटला गेलेली असतात, पाइप धरायला तुम्हीच. वडील रिटायर होऊन गावातच असतील तर लेबर रेटसारखं काही नाही. नवरा-बायको दोघं पुण्यात नोकरीला आणि साईट गावाकडं असेल तर हे सोडूनच द्या, वाचलेले पैसे नासाडीत आणि एसटी-पेट्रोलमध्ये जातात.

कंपनीची जमेची बाजू म्हणजे कागद. करार छापील, सिमेंट-सळई-टाइल्सचे ब्रँड लिहिलेले, हप्ते ठरलेले, बँकेला एस्टिमेट लगेच देतात, प्लिंथ (जोतं)-स्लॅब-प्लास्टर असे टप्प्याटप्प्यानं कर्ज सुटताना त्याचा उपयोग होतो. पण शेकडो क्वालिटी चेक वगैरे जे सांगतात त्याला फार भुलू नका. तालुक्याच्या गावात काम घेतलं तर कंपनीसुद्धा ते तिथल्याच ठेकेदाराला देते, गवंडी तेच, बिगारी तेच, मध्ये फक्त एक सुपरवायझर आणि त्याच्याकडं पण चार-पाच साईट. शिवाय काम चालू असताना खिडकी फूटभर सरकवायची म्हटलं की चेंज चार्ज. गावातला म्हणतो "बघू की, करून टाकू", ते गोड वाटतं, आणि शेवटच्या बिलात "एक्स्ट्रा काम" म्हणून बरोबर येतं, त्यामुळं त्याच्याशी ठरलेली प्रत्येक गोष्ट व्हॉट्सॲपवर टाकून ठेवायची. आणि हो, रेरा-रेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीचा कायदा) कुणी केलं तर आपल्या प्लॉटवरच्या आपल्या घराला रेरा लागत नाही, वाद झाला तर ग्राहक आयोग, आणि तिथं करार आणि पावती लागते. बिलाशिवाय रोखीत काम देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर २०-२२ लाखांत गावात घर असेल तर विथ मटेरियल, पण कॉन्ट्रॅक्टरच्या ओळखीतला नाही असा एक इंजिनिअर व्हिजिटच्या फीवर वेगळा ठेवून. फुटिंगची (पायाच्या तळाची) जाळी, कॉलमची सळई, स्लॅब भरायच्या आधीचं स्टील, वॉटरप्रूफिंग, एवढ्या वेळा तो येऊन गेला तरी पुष्कळ झालं. कंपनी घ्यायचीच तर प्लॉट पुण्या-नाशकासारख्या शहरात असेल आणि तुम्ही परदेशात असाल तेव्हा, कारण तिथं तुम्ही पैसे मोजता ते फॉलोअपचे. आणि चालू असलेली साईट बघा, तयार घर नको, रंग मारल्यावर सगळी घरं चांगलीच दिसतात. मालकाला बाजूला घेऊन विचारा स्लॅबनंतर काम किती दिवस बंद होतं.

कारण गोम हप्त्यांतच असते. ढोबळमानानं निम्मा खर्च स्लॅब-विटकामापर्यंत आणि निम्मा प्लास्टर, फरशी, लाईट, प्लंबिंग, रंगात. स्लॅब पडेपर्यंतच ७०-७५ टक्के पैसे मागणारा तक्ता असेल, मग तो कंपनीचा असो नाहीतर मामांच्या ओळखीतल्या कॉन्ट्रॅक्टरचा, फिनिशिंगला माणसं यायची बंद होतात, फोन लागत नाही, आणि तुम्ही भाड्याच्या घरात. निदान ५ टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत मागं ठेवायची, गळती बिळती तेव्हाच कळते. एवढ्याला जो तयार नाही त्यानं फुटामागं १०० रुपये कमी केले तरी मी त्याला काम देणार नाही.