कोऱ्या अर्जावरची सही

बारा वर्षं मी बाजारात बसते. बादल्या, डबे, टोपल्या, कपड्यांचे चिमटे असा घरगुती प्लास्टिकचा माल विकते. आमच्या ओळीतल्या आम्ही दहा जणी कर्जाच्या नावाखाली फसलो. बरेच महिने कुणाला सांगायचीही लाज वाटत होती. मग कळलं, की अगदी याच पद्धतीने दुसऱ्या एका बाजारातल्या बायकांनाही गाठलंय. तेव्हा गप्प बसवेना. जसं घडलं तसं लिहिते आहे.

आधी एक सांगते. आम्हाला कर्जाची गरज खरीच होती. लोक म्हणतात, हावरटपणा नडला. तसं नाही. भांडवल नसेल तर माल महाग पडतो, हे बाजारात बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. घाऊक व्यापाऱ्याकडून दहा डझन उचलले तर एक भाव, दोन डझन उचलले तर दुसरा. रोख मोजली तर घासाघीस करता येते, उधारीवर घेतला तर तो म्हणेल तो भाव. आणि बँक आम्हाला दारात उभं करत नाही, कारण दुकान नाही, मिळकतीचा कागद नाही. मग उरतो तो रोजचा सावकार. सकाळी नव्वद हातावर ठेवतो, संध्याकाळी शंभर मोजून घेतो. नव्वदावर दहा, तेही एका दिवसात! हे दुखणं सगळीकडचं आहे. फिलिपिन्समध्ये अशा सावकारीला ‘फाइव्ह-सिक्स’ असंच नाव पडलंय. पाच घ्यायचे, सहा परत करायचे.

अशा वेळी कुणी येऊन म्हणालं, की तारण नको, जामीनदार नको, दर आठवड्याला थोडं थोडं फेडा, तर कान टवकारणारच.

तो आला तो उभा राहून बोलला नाही. माझ्याच पालथ्या क्रेटवर बसला. झाडू विकणाऱ्या आजींना ‘आजी’ म्हणाला, फुलवालीला ‘ताई’. धंदा कसा चाललाय, माल कुठून आणता, दिवसाचं किती सुटतं, सगळं विचारलं. मग त्याने बांगलादेशाची गोष्ट सांगितली. महंमद युनूस नावाच्या प्राध्यापकांनी १९७६ मध्ये जोब्रा गावातल्या ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले आणि बांबूची आसनं विणणाऱ्या बायका व्यापाऱ्याच्या कचाट्यातून सुटल्या. त्यातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली. २००६ मध्ये युनूस आणि ती बँक, दोघांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं. ‘आमची संस्था त्याच धर्तीवर चालते,’ तो म्हणाला.

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मुलीने नंतर सगळं शोधून वाचलं, त्यात एक अक्षरही खोटं निघालं नाही. म्हणूनच तर आमचा विश्वास बसला. त्याने न सांगितलेला भाग आम्हाला फार उशिरा कळला. ग्रामीण बँकेच्या जुन्या पद्धतीत पाच जणींचा गट असायचा. कर्ज आधी दोघींना मिळायचं, त्यांचे हप्ते नीट येतात हे काही आठवडे पाहून पुढच्या दोघींना आणि गटप्रमुख बाईला सगळ्यांत शेवटी. पैसे द्यायचे-घ्यायचे ते सगळ्यांसमोर, बैठकीत. आमच्याकडे गटप्रमुखाला पहिल्याच दिवशी कर्ज मिळालं आणि प्रत्येक नवीन बाईमागे वर थोडे पैसेही. तिला मी दोष देत नाही, तीही आमच्याइतकीच बुडाली. पण तेवढ्यावरूनच आम्ही ओळखायला हवं होतं.

पहिलं कर्ज दहा हजारांचं. दर आठवड्याला २२० प्रमाणे ५० हप्ते, म्हणजे एकूण ११ हजार. ‘वर्षाला फक्त दहा टक्के’ असं तो बोलला. पैसे देताना अर्ज, विमा आणि फाइलचा खर्च म्हणून हजार तिथेच कापून घेतले. हातात आले नऊ हजार. पावती मागितली तर म्हणाला, ती कर्जातच धरली आहे.

इथे जरा थांबते, कारण हा हिशोब आमच्यातल्या एकीलाही तेव्हा कळला नव्हता. वर्षभर पूर्ण दहा हजार आपल्याकडे राहिले आणि शेवटी ११ हजार दिले, तर ते दहा टक्के. पण आपण पहिल्या आठवड्यापासून फेडत असतो. सहा महिने झाले की निम्मी मुद्दल परत गेलेली असते, तरी व्याज पूर्ण दहा हजारांवरच चालू असतं. उतरत्या शिलकेवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून मांडलं तर तोच दर वर्षाला जवळपास २० टक्के भरतो. ग्रामीण बँकेचाही धंद्याच्या कर्जाचा दर उतरत्या शिलकेवर २० टक्केच होता, म्हणजे एवढ्याने ती लबाडी ठरत नाही. पण आमच्या हातात दहा हजार आलेच नव्हते. नऊ हजार आले आणि फेड मात्र दहाचीच. माझ्या मुलीने हे सगळं एका रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मांडून दाखवलं, तेव्हा दर निघाला ४० टक्क्यांच्या वर. तो पुठ्ठा मी अजून टाकलेला नाही. कर्ज घेताना टक्के विचारू नका. हातात नेमके किती पडणार आणि सगळे मिळून किती परत जाणार, एवढे दोन आकडे विचारा आणि लिहून मागा.

तरीही त्या पैशांचा मला उपयोग झाला, हे नाकारणार नाही. मी पहिल्यांदा रोख मोजून डझनावारी माल आणला. रोजचा सावकार सुटला. दिवसाला थोडं जास्त सुटू लागलं. ‘वर्षात धंदा तिप्पट’ असं तो म्हणायचा, तसं काही झालं नाही. तसं सहसा होतही नाही म्हणे. सहा देशांतल्या सूक्ष्म कर्जांचे अभ्यास २०१५ मध्ये एकत्र छापून आले. काही ठिकाणी धंदा थोडा पसरला, हात थोडा मोकळा झाला, पण साधारण घराची मिळकत एकदम पालटली असं कुठे दिसलं नाही. छोट्या कर्जाने कुणी श्रीमंत करून देतो म्हणाला, तर त्या बोलण्यापासूनच सावध व्हा.

शेहेचाळीस हप्ते आम्ही चोख भरले. प्रत्येकीकडे एक पिवळं कार्ड होतं. हप्ता दिला की तो त्यावर तारीख घालून शिक्का मारायचा. सहीचा रकाना शेवटपर्यंत रिकामाच राहिला. आम्हाला शिक्काच मोठा वाटायचा.

मग तो वरच्या कर्जाची बातमी घेऊन आला. तुमचा गट उत्तम आहे, प्रत्येकीला पन्नास हजार मंजूर झालेत, राहिलेले चार हप्ते त्यातूनच वळते होतील. फक्त दहावा हिस्सा, म्हणजे पाच-पाच हजार, हमी म्हणून आधी भरायचे. कर्जाबरोबर तेही परत. आणि पैसे शुक्रवारच्या आत हवेत, नाहीतर मंजुरी दुसऱ्या गटाला जाणार.

फुलवाली तयार नव्हती. ‘पैसे देणारा आधी आपल्याकडूनच कशाला मागतोय गं?’ एवढं एकच ती विचारत होती. तिची समजूत मी घातली. दोन दिवस तिच्या मागे लागले. नऊ जणी भरतायत, तुझ्या एकटीमुळे सगळ्यांचं अडेल, असं म्हणाले. या कर्जाची सगळी ताकद गटात असते. एकमेकींची लाज, एकमेकींचा शब्द. त्याच ताकदीने आम्ही तिला खड्ड्यात ढकललं. तिने कानातलं मोडून पाच हजार आणले.

त्या दिवशी त्याने नवे अर्ज आणले. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने फुल्या मारल्या होत्या, बाकी सगळं कोरं. ‘बाजाराची वेळ आहे, तुमचं गिऱ्हाईक जायला नको. मी ऑफिसात बसून भरतो,’ म्हणाला. केवढा विचार करतो आमचा, असं वाटलं मला. फुल्यांवर आम्ही सह्या केल्या. आजींनी अंगठा लावला. त्यांचं बोट शाईत बुडवून त्यानेच नीट टेकवलं आणि मग स्वतःच्या रुमालाने पुसून दिलं. ओळखपत्रांच्या प्रती घेतल्या. मोबाइलवर आलेला ओटीपी दोनदा विचारून घेतला. नव्या कार्डात जुनी नोंद घ्यायची म्हणून पिवळी कार्डंही गोळा करून नेली. म्हणजे आमच्याजवळचा एकमेव पुरावा आम्ही आपल्या हाताने देऊन टाकला. माझ्या कार्डाचा फोटो मुलीच्या फोनमध्ये होता, तो पुढे दहा जणींच्या उपयोगी पडला.

शुक्रवार गेला. सोमवारी फोन बंद. पत्त्यावर गेलो तर शटर खाली. शेजारचा म्हणाला, खोली भाड्याची होती, महिनाअखेरीस सोडली.

पाच हजार गेले ते गेले, असं म्हणून आम्ही उठलो असतो. पण खरा दणका तीन महिन्यांनी बसला. एका वेगळ्याच, खऱ्या वित्तसंस्थेचा वसुलीचा माणूस बाजारात आला आणि आजींचं नाव घेऊन विचारू लागला. आजींच्या, फुलवालीच्या आणि माझ्या नावावर कर्ज निघालं होतं. पैसे कुणी उचलले ते उघडच आहे. तो भर बाजारात मोठ्याने बोलत होता, गिऱ्हाइकं थांबून बघत होती. आजी म्हणाल्या, ‘एक हप्ता भरून टाकते बाई, तो गेला तर पुरे.’ मी त्यांचा हात धरला. नंतर त्या संस्थेतल्याच एका बाईंनी सांगितलं, की एक जरी हप्ता भरला असता तरी कर्ज मान्य असल्यासारखं धरलं गेलं असतं.

पुढचं सगळं शिकत शिकत केलं. तोंडी तक्रार कुणी मनावर घेत नाही. म्हणून लेखी अर्ज दिला आणि आमच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय टेबल सोडलं नाही. पोलिसांकडे तेच, वित्तसंस्थेकडे तेच. मूळ अर्जाच्या आणि पैसे कुठल्या खात्यात गेले त्याच्या प्रती मागितल्या. प्रत्येकीच्या नावावरच्या कर्जांची नोंद असलेला क्रेडिट रिपोर्ट काढला, म्हणजे आणखी कुठे नाव अडकलंय का ते कळावं. मधल्या काळात एक गृहस्थ भेटले. तुमचे पैसे मिळवून देतो, आधी थोडा खर्च द्या, असं म्हणत होते. फसलेल्या माणसाच्या मागे असले लोक हमखास येतात. या वेळी आम्ही एक पैसाही दिला नाही.

वित्तसंस्थेने कागद टेबलावर ठेवले. माझ्या अर्जावरचा पैसे जमा झाल्याचा खाते क्रमांक माझा नव्हता आणि माझ्या नावाचं स्पेलिंगही चुकलेलं होतं. त्यावरून माझं प्रकरण सुटलं. आजींच्या अर्जावर तर सही होती. पूर्ण नाव, सुंदर वळणदार अक्षरात. आजींना अक्षर ओळख नाही, जन्मभर त्यांनी अंगठाच लावलाय. त्यांनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि साहेबांना विचारलं, ‘यात माझं नाव कुठं लिहिलंय ते दाखवाल का?’ साहेब काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांत त्यांचंही नाव निघालं.

फुलवालीचं मात्र अडकून आहे. अर्जावरची सही तिचीच आहे, पेन्सिलच्या फुलीवर केलेली. पैसे तिच्या नावाने उघडलेल्या एका नव्या खात्यात गेले आणि तिथून लगेच काढले गेले. ते खातं तिने दिलेल्या ओटीपीवर उघडलं होतं. कोऱ्या कागदावर सही केली होती, हे ती सांगते, पण आता कागद कोरा नाही. ते म्हणतात, सिद्ध करा. बुधवारी पुन्हा बोलावलंय. त्या दिवशी माझी जागा आजी सांभाळणार आहेत आणि मी तिच्याबरोबर जाणार आहे. कोऱ्या अर्जावर तिने माझ्या सांगण्यावरून सही केली, हे लिहून दिलेलं निवेदन माझ्या पिशवीत आहे, खाली माझी सही करून.