ब्रेक पाइपांच्या नटांवरची धूळ

एका गॅरेजच्या बिलात माझे 48,500 रुपये गेले. ते कसे गेले हे सविस्तर सांगतो, कारण जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी असलेल्या कुणालाही असंच गाठता येईल.

गाडी 2012 सालची, डिझेल. घर साताऱ्यात, शेती मेढ्याच्या पुढे. पावसाळ्यात शेताकडचा शेवटचा टप्पा नुसता चिखल, म्हणून ही गाडी आम्ही जपून ठेवली आहे. गेल्या ऑगस्टमध्ये पाहुण्यांना घेऊन कासला निघालो होतो. यवतेश्वर घाटात एका उजव्या वळणावर डायलमधला घसरत्या गाडीचा दिवा लुकलुकायला लागला. पायाखाली गर्रर्र आवाज आणि इंजिनाची ताकद एकदम गायब. रस्ता कोरडा, स्पीड जेमतेम 35. मागून एसटी हॉर्न देत होती आणि गाडीत दोन लहान मुलं.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यातल्या एका मोठ्या गॅरेजला गाडी दाखवली. तिथल्या माणसाने स्कॅनर लावला, स्क्रीन स्वतःकडेच ठेवली आणि म्हणाला, "साहेब, एबीएसचं युनिट गेलंय. उद्या घाटात ब्रेकच लागले नाहीत तर?" एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. हे वाक्य ऐकल्यावर मी पुढे काही विचारलंच नाही. तीन दिवसांनी गाडी मिळाली. बिलावर स्पष्ट लिहिलं होतं, 'एबीएस युनिट नवीन बसवले'. जुना पार्ट मागितला तर म्हणाले, "तो कंपनीला परत जातो."

अकराव्या दिवशी बहिणीकडे सांगलीला जाताना नागठाण्याच्या पुढे, सरळ हायवेवर, तोच दिवा आणि तोच आवाज.

दाजींनी मला मिरजेतल्या एका मिस्त्रीकडे नेलं. साठीच्या पुढचे आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दिवा लुकलुकतो का पेटून राहतो?" मी म्हटलं, लुकलुकतो, मग विझतो. "मग युनिट जिवंत आहे. दिवा लुकलुकतो म्हणजे त्या वेळी ते काम करतंय. आत बिघाड सापडला असता तर दिवा पेटूनच राहिला असता. त्याला कुणीतरी चुकीची खबर देतंय."

हा फरक मला आधी माहीत असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, तो चाकाचा स्पीड कॉम्प्युटरला कळवतो. एका चाकाचा आकडा इतरांपेक्षा वेगळा आला की चाक घसरतंय असं कॉम्प्युटर धरतो, ब्रेक लावतो आणि इंजिनाची ताकद काढून घेतो. आकडा खोटा असला तरी तो तेच करतो.

चाचांनी आधी चारही टायर पाहिले. साइज, हवा, झीज. एकच टायर नवा आणि बाकीचे तीन झिजलेले असले तर नव्याचा घेर मोठा पडतो, म्हणून आकडे जुळत नाहीत. शिवाय फोर व्हील ड्राइव्हच्या गिअरांवर त्याचा ताण येतो तो वेगळाच. आमचे चारही एका वेळचे होते. मग दाजी गाडी चालवायला बसले, चाचा शेजारी स्कॅनर घेऊन आणि मी मागे. स्क्रीन त्यांनी माझ्याकडे फिरवून धरली. चार चाकांचे चार आकडे. 40, 40, 41, 40. खड्डा आला की डावं पुढचं चाक क्षणभर 31 वर उतरायचं आणि लगेच परत जागेवर यायचं. इतका थोडा वेळ की स्कॅनरला दिसणारा बिघाडाचा कोड साठतच नव्हता. मग साताऱ्यात त्या स्क्रीनवर काय दिसलं होतं?

जॅकवर घेऊन चाचांनी ते चाक वर-खाली धरून हलवलं. टकटक. बेअरिंग सैल झालं होतं. सेन्सर ज्या चुंबकी रिंगेवरून स्पीड वाचतो ती त्या बेअरिंगलाच असते. ती डगमगली की मधलं अंतर बदलतं आणि खबर तुटते. सेन्सरच्या बैठकीत गंजही साठला होता. नवं बेअरिंग, साफसफाई आणि मजुरी मिळून 6,800 रुपये.

मग मी त्यांना आधीचं बिल दाखवलं. ते वाचून काही न बोलता त्यांनी बॉनेट उघडलं, टॉर्च धरला आणि मला जवळ बोलावलं. एबीएसच्या युनिटवर ब्रेकचे पाइप नटांनी आवळलेले असतात. त्या सगळ्या नटांवर जुनी तेलकट धूळ एकसारखी बसलेली, खाचांत गंज, पान्याचा एक ओरखडा नाही. "हे पाइप सोडल्याशिवाय युनिट निघत नाही बाळा, आणि पाइप सोडले की ब्रेक ऑइल काढून नवं भरावंच लागतं." त्यांनी त्या ऑइलच्या टाकीचं झाकण काढलं. आतलं ऑइल उकळलेल्या चहासारखं काळपट.

बारा वर्षांहून जुन्या गाडीवर असा खर्च सांगितला तर स्कॅनरची स्क्रीन स्वतः बघा, चारही चाकांचे आकडे गाडी चालू असताना मागा. काम सुरू होण्याआधी त्या युनिटच्या स्टिकरचा आणि नटांचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. माझ्याकडे आधीचा फोटो नव्हता, पण काम झाल्यावरचे नटांचे फोटो आता आहेत.

मी गॅरेजला फोन केला तेव्हा "फक्त आतला सर्किटचा भाग बदलला" असं उत्तर मिळालं. मग बिलावर युनिट का लिहिलं, यावर फोन बंद झाला. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत जाता येतं आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, म्हणून तोही अर्ज तयार केला आहे. चाचांनी डाव्या चाकाचं जुनं बेअरिंग न मागता कागदात गुंडाळून दिलं. ते, दोन्ही बिलं आणि फोटो एका पिशवीत ठेवले आहेत. सोमवारी अर्ज दाखल करतो आहे.